नातवंडं येताहेत, यादी बाजूला ठेवा

या वेळचं पत्र दादरहून, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका आजोबांचं आहे. मोठं आहे, म्हणून थोडं आटोपशीर करून देते:

‘ताई, मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मुलगा आणि सून टोरांटोला असतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही नातवंडांना घेऊन महिनाभर येताहेत. नात अडीच वर्षांची आहे. तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती नुकती धरून उभी राहायला लागली होती. नातू सव्वा वर्षाचा. त्याला तर अजून फोनवरच बघतोय. मी उत्साहानं मुंबईतल्या बारा ठिकाणांची यादी केली आहे. पण हिचं म्हणणं, तुम्हाला लहान मुलांचं काही कळत नाही, पोटच्या पोराला तरी कधी खेळवलंत का? ते खोटं नाही. माझ्या बदल्या होत राहिल्या, मुलगा इथे आईपाशी वाढला. त्यात सुनेची भलीमोठी ई-मेल आली आहे: साखर नाही, टीव्ही-मोबाइल नाही, दुपारची झोप मोडायची नाही. ही रुसून बसली आहे. नात इंग्रजीच बोलते. परवा व्हिडिओ कॉलवर नातू माझी मिशी बघून रडला. मुलं मला ओळखतील का? जवळ आली नाहीत तर काय करू? आणि मिशी काढून टाकू का?’

आजोबा, नमस्कार.

आधी मिशीचं बोलू. काढू नका. त्यांनी पाहिलेला आजोबा मिशीवाला आहे, आता चेहरा बदललात तर उलट पंचाईत. नातू मिशीला घाबरला असेल किंवा नसेलही. त्याच्या वयाला अनोळखी माणूस दिसला की रडू येतंच. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून मूल आपली माणसं आणि परकी माणसं वेगळी करायला लागतं आणि दीड वर्षाचं होईपर्यंत हे भय बऱ्यापैकी जोरात असतं. आपलं कोण हे त्याला पक्कं कळलंय, एवढाच त्याचा अर्थ. तुमची गणती त्या आपल्यांत व्हायला चार-सहा दिवस लागतील.

नात ओळखेल का? खरं सांगते, मागच्या भेटीतलं तिला काहीही आठवणार नाही. एक वर्षाच्या मुलाची आठवण इतकी टिकत नाही. फोनवरचा आजोबा तिला ओळखीचा आहे, पण तो तळहाताएवढा होता, त्याला वास नव्हता, उंची नव्हती, आणि कंटाळा आला की तो बंद करता यायचा. विमानतळावर टर्मिनल दोनच्या बाहेर तिला दिसणार पावणेसहा फूट उंचीचा, हात पसरून धावत येणारा एक मोठ्ठा माणूस. तीही वीस तासांहून जास्त प्रवास करून, भलत्या वेळी उठवलेली. तिथे तिच्याकडून पापीची अपेक्षा धरू नका. सामानाची ट्रॉली घ्या, सुनेच्या खांद्यावरची बॅग घ्या, नातीकडे बघून हसा आणि गाडीत पुढच्या सीटवर बसा. पहिल्या रात्री एवढंच.

मी बालवाडी चालवली आहे. जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे आमच्याकडे नुसता आकांत असायचा. नवीन ताई आली की ती रडणाऱ्या मुलाकडे धावायची, ‘ये, ये ना माझ्याकडे’ करायची, खुळखुळा वाजवायची, आणि मूल आणखी मागे सरायचं. मुरलेल्या ताई तसं करत नसत. त्या मुलापासून दोन हातांवर सतरंजीवर बसायच्या आणि हातात काहीतरी काम घ्यायच्या. मणी ओवायच्या, कागदाच्या होड्या करायच्या. मुलाकडे बघायच्याच नाहीत. थोड्या वेळानं मूल हुंदके देत देत तिथे येऊन उभं राहायचं. मग एक मणी उचलायचं.

तुम्हीही तेच करा. पहिल्या सकाळी हॉलमध्ये जमिनीवर पेपर पसरा आणि मेथीची जुडी घेऊन निवडायला बसा. (आजवर निवडली नसेल तर आधी सौ.कडून शिकून घ्या, त्याही निमित्तानं हसतील.) खुर्चीत नाही, खाली. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येणं ही अर्धी ओळख असते. गुडघे कुरकुरत असतील तर ढुंगणाखाली जाड उशी घ्या आणि पाठ भिंतीला टेकवा. नात येईल, जुडीकडे बघेल. तिच्याकडे न बघता एक काडी पुढे करा. ती पानं खुडेल, देठ भाजीत टाकेल आणि पानं कचऱ्यात. चालू द्या. तुमच्या घरी त्या दिवशी देठांची भाजी होईल आणि ती तुम्हाला आवडेल.

आता तुमच्या हातात आयता पडलेला एक मोठा लाभ सांगते. तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. डिसेंबरात टोरांटो आपल्या साडेदहा तास मागे असतं. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र, तेव्हा त्या मुलांच्या अंगात दुपारचे दीड वाजलेले असतात. पहिला आठवडा-दहा दिवस दोघंही रात्री टक्क जागी राहणार, दुपारी जेवता जेवता पेंगणार. पहाटेपर्यंत त्यांचे आई-वडील पुरते मेटाकुटीला आलेले असतील. आणि त्या घरात पहाटे चार वाजता आपण होऊन, आनंदानं जागा होणारा माणूस कोण? तुमच्या पत्राखाली तुम्ही वेळ घातली आहे: पहाटे ४.२०. पहाटेची पाळी तुमची, हे आजच जाहीर करून टाका.

मी याच वेळेवर थोडं रेंगाळणार आहे, कारण मला वाटतं, तुमच्या या महिन्यातलं सगळ्यात सुंदर जे काही आहे ते इथेच आहे. बाकी घर झोपलेलं असतं. कुणी ‘अहो, असं नाही, तसं धरा’ म्हणायला नसतं. स्वयंपाकघरात फक्त ओट्यावरचा दिवा लावा, मोठे दिवे नकोत. रात्र आहे हे मुलांच्या शरीराला कळू द्या. तुमचा चहा, नातीला कोमट दूध. ती ओट्याशेजारच्या स्टुलावर बसेल, तुमचा एक हात तिच्या पाठीशी. मग दाराशी दुधाच्या पिशव्या पडल्याचा आवाज येतो. दार तिला उघडू द्या. थंड, ओली पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती आत घेऊन येईल आणि तिच्या झबल्यावर ओला गोल उमटेल. दुसऱ्या दिवशी आवाज आला की ती तुमच्या आधी दाराशी असेल. चौथ्या दिवशी दूधवाला उशिरा आला तर तुमचं काही खरं नाही. तुमच्या यादीतल्या एकाही ठिकाणी तिला हा मान मिळणार नाही: रोज येणारी एक गोष्ट, आणि ती घरात आणण्याचं काम तिचं.

पेपर आला की मोठ्यानं वाचा. बातम्या कुठल्याही असोत. सव्वा वर्षाच्या माणसाला शेअर बाजार आणि चिऊ-काऊ सारखेच. त्याला तुमचा आवाज हवा असतो आणि पान उलटताना होणारा खसखस आवाज. वाचून झालेलं पान त्याला फाडायला द्या, तोंडात घालणार नाही एवढं बघा.

उजाडलं की दोघांना घेऊन खाली उतरा. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीराचं घड्याळ लवकर जुळतं. शिवाजी पार्क तुमच्या दाराशी आहे, तुम्हाला दुसरीकडे जायचं कारणच काय? नातीला कट्ट्यावर चढवा आणि तिचं बोट धरून खालून चाला. कट्टा तिच्यासाठी केवढा तरी उंच आणि लांब रस्ता आहे, त्यावर बसलेले सगळे आजी-आजोबा तिला वाटेतून पाय बाजूला घेतील. दर चार पावलांवर ती थांबेल. पडलेलं पान, मुंग्यांची रांग, नेटमध्ये सराव करणाऱ्यांचा चेंडू. थांबा. अडीच वर्षांच्या मुलाला कुठे पोचायचं नसतं, आणि निवृत्त माणसालाही नसतं. तुमची जोडी म्हणूनच जमेल. भटक्या कुत्र्यांपासून मात्र लांब राहा. तिकडच्या मुलांना कुत्रा दिसला की हात लावायची सवय असते.

एक लक्षात ठेवा. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला लाखो लोक येतात, पार्क भरलेला असतो, रस्त्यांचे मार्ग बदलतात. ते त्याच सुमारास पोचणार असतील तर गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवा आणि ते दोन-तीन दिवस फिरणं आपल्या गल्लीतच करा.

आता यादी. बारातली नऊ ठिकाणं मी तुमच्या परवानगीशिवाय खोडली आहेत. तारांगण अंधारं असतं, अडीच वर्षांची पोर घाबरेल. घारापुरीची बोट आणि त्या पायऱ्या दोन तान्ह्यांना घेऊन, नको. सिद्धिविनायकाला मुलगा-सून जाऊन येतील, रांगेत मुलं नकोत. दादरचा कबुतरखाना उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर महापालिकेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये ताडपत्री टाकून बंद केला. आणि तो उघडा असता तरी मी नाहीच म्हटलं असतं, कबुतरांची विष्ठा फुप्फुसांना वाईट. तुमच्या आठवणीतल्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. आता विजेवर चालणाऱ्या, वातानुकूलित आल्या आहेत. तुम्हाला वाईट वाटेल, नातीला वरच्या मजल्याशी मतलब. ती एक फेरी राहू द्या. राणीची बाग राहू द्या, बुधवार सोडून, कारण बुधवारी ती बंद असते. तिथले पेंग्विन काचेमागे पोहतात, नात काचेला नाक लावून उभी राहील. पण ती पेंग्विनपेक्षा बाहेरच्या कावळ्यात रमली तर ‘इतक्या लांब आणलं आणि ही कावळा बघतेय’ म्हणू नका. तिसरं, मलबार हिलचा म्हातारीचा बूट. तोही एखाद्या मोकळ्या सकाळी, शनिवार-रविवार टाळून. महिनाभरात एवढं पुष्कळ झालं.

सौ.ना माझा नमस्कार सांगा आणि हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. वहिनी, सुनेची ई-मेल वाचून तुम्हाला ‘आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?’ असं वाटणं साहजिक आहे. पण ती मुलगी मनाचे नियम करत नाहीये. दोन वर्षांखालच्या मुलांना वरून साखर देऊ नये असंच आता बालरोगतज्ज्ञ सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांत दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नको असं म्हटलं आहे. झोपेचं तर काय, एक-दोन वर्षांच्या मुलाला डुलक्या धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते. बेसनाचे लाडू मुलाला करा, त्याला कुठे मनाई आहे? नातवंडांना तुमच्या हातचा गुरगुट्या भात, वर मेतकूट आणि तूप. नाचणीचं सत्त्व खजूर घालून. पातळ धिरडं, त्याचे तुकडे नात स्वतः उचलून खाईल. सून पहिल्या दिवशी उठून बाहेर आली की तिला गरम चहा हातात द्या आणि म्हणा, ‘तू झोप जा अजून, मुलं आमच्याकडे आहेत.’ ती पुढची ई-मेल लिहिणार नाही.

एका बाबतीत मात्र मी सुनेपेक्षाही कडक आहे. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, अख्खी द्राक्षं, बिया न काढलेली बोरं, यातलं काहीही या दोघांच्या हाताला लागता कामा नये. घशात अडकतं. पाहुणे खिशातून काढून देतात, तेव्हा तुम्हीच आडवे या.

आणि मुलं यायच्या आधी एकदा स्वतःच्याच घरात रांगून बघा. चेष्टा करत नाही. गुडघ्यांवर जा आणि त्या उंचीवरून काय काय दिसतं ते पाहा. टीपॉयवर तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी असेल. आजी-आजोबांच्या गोळ्या लहान मुलांच्या पोटात जाणं हा नेहमी घडणारा अपघात आहे. ती डबी आजच कपाटाच्या वरच्या खणात, कुलपात. फिनेल, डांबराच्या गोळ्या, देवघरातली काडेपेटी वर. खिडकीजवळचा दिवाण आणि स्टूल हलवा, ग्रिल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सगळ्यात महत्त्वाचं न्हाणीघर. मुंबईत पाण्याच्या वेळा असतात म्हणून आपण बादल्या आणि पिंप भरून ठेवतो. तोल जाऊन डोकं आत गेलं तर सव्वा वर्षाच्या मुलाला चार बोटं पाणीही जीवघेणं होतं. महिनाभर बादल्या रिकाम्या, पिंपाला घट्ट झाकण, आणि दाराला वरची कडी.

भाषेची काळजी सोडा. तुम्ही मराठीच बोला, भरपूर बोला, आणि हातानं काम करताना बोला. ‘दार उघड’ म्हणत दार उघडलं की तिला शब्दकोश लागत नाही. तिच्या वयाला बोलण्यापेक्षा समजतं कितीतरी जास्त. फक्त परीक्षा घेऊ नका. ‘म्हण, आजोबा म्हण’, ‘काकूंना नमस्ते करून दाखव’ हे चार लोकांत सुरू झालं की मूल मिटतं. पहिले चार दिवस नातेवाईकांना येऊच देऊ नका. डोंबिवलीच्या आत्या रागावल्या तर माझं नाव सांगा. आणि या हातातून त्या हातात असा नातू फिरवायचा नाही. ‘आपडी थापडी’ शिकवा तिला, दोघं जमिनीवर समोरासमोर बसून. एकदा जमलं की ती वीस वेळा मागेल. एकविसाव्या वेळी तुम्ही दमाल, ती नाही. दमलात तर सांगा, ‘आजोबा दमले, आता आजोबा आडवे होणार.’ मग ती तुमच्या पोटावर येऊन बसेल. त्यालाही खेळच म्हणतात.

एक नाजूक गोष्ट उरली, ती तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलीत. मुलाला तुम्ही खेळवलं नाहीत. आता तो घरी येईल आणि बघेल, त्याचे बाबा जमिनीवर पालथे झोपून खुर्चीखालचा चेंडू काढताहेत, पाठीवर त्याची मुलगी. त्याला आनंद होईल. आणि आत कुठेतरी टोचेलही. कदाचित हसत हसत म्हणेल, ‘बाबा, माझ्याशी नाही कधी असे खेळलात.’ तेव्हा बदल्यांचं, नागपूरच्या शाखेचं, त्या काळच्या पगाराचं काही सांगू नका. ते त्याला माहीत आहे. ‘नाही रे खेळलो,’ एवढंच म्हणा. आणि चेंडू त्याच्याकडे टाका. तो टाकलेला चेंडू परत करेल की नाही ते त्याच्यावर सोडा. नातवंडांमुळे बाप-लेकांचं बोलणं सुरू झालेली घरं मी पाहिली आहेत, पण जिथे म्हाताऱ्यानं स्वतःची बाजू मांडायला घेतली तिथे ते पहिल्याच दिवशी थांबलं.

‘आजी जास्त आवडते की आजोबा?’ हा प्रश्न कुणी विचारू नये, चेष्टेतही. बागुलबुवा, पोलीस, ‘डॉक्टर सुई टोचेल’ हेही नको. मूल एक दिवस अगदी गळ्यात पडेल आणि दुसऱ्या दिवशी आईला सोडणार नाही. मनाला लावून घेऊ नका, त्या दिवशी त्याचा दात येत असेल.

परत जायचा दिवस येईल तेव्हा नातीला आदल्या दिवशी साध्या शब्दांत सांगा: उद्या तू विमानातून तुझ्या घरी जाणार, आजोबा इथे राहणार, आणि रविवारी फोनवर भेटणार. झोपलेली असताना गुपचूप निरोप घेऊ नका. रडली तर रडू द्या, तुम्हीही रडलात तरी चालेल. आणि कॉलची वेळ तिच्यादेखत ठरवा. जानेवारीत आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तिकडे सकाळचे आठ, मुलं न्याहारीला बसलेली असतात. फोन टेकवून ठेवा, ‘काय केलंस, शाळेत काय झालं’ असली उलटतपासणी नको. तुम्ही मेथी निवडा, ती दूध पिऊ दे, मध्येच एकदा ‘आपडी थापडी’ होऊ दे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात. तेव्हापासून तुमची वेळ संध्याकाळी साडेपाचची, कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा.